पाच बटणं आणि शेवटी वाचलेली चिठ्ठी

ती. दादा,

नमस्कार. आशीर्वाद द्यायचा की नाही, ते पत्र वाचून झाल्यावर ठरव. तोवर तो हातात राहू दे. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची डोकेदुखी थांबली का? इकडे आई बरी आहे. तिच्या उजव्या डोळ्याला आता खिडकी दिसते, खिडकीबाहेरचं दिसत नाही. बाहेर बघण्यासारखं काही उरलेलं नाही, असं तिचं म्हणणं. खाली दुकानाच्या भिंतीला ओल आली आहे. मी बरा आहे असं म्हणायला हरकत नाही.

तुझं खोकं पोचलं. आधी चांगली बातमी सांगतो, कारण ती लहान आहे. बाबांच्या गाडीचा रेडिओ वाजतो. अठरा वर्षं बंद होता, त्या मानाने आत फारसं बिघडलं नव्हतं. दोन व्हॉल्व्ह गेले होते, कंडेन्सरचं मेण वितळून तळाशी साचलं होतं आणि स्पीकरचा कागद कसरीने मधोमध गोल खाल्ला होता (कडा तशाच ठेवल्या होत्या, आपण लहानपणी पावाच्या ठेवायचो तशा). बॅटरीचा दाब वाढवणारी एक चंदेरी डबी असते, ती अडकून बसली होती. तिला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकलं, तशी ती डब्यात सापडलेल्या माशीसारखी गुणगुणायला लागली. मला बरं वाटलं. सोमवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. वेळ लक्षात आहे, कारण त्यानंतर तसं वाटलेलं नाही.

आता वाईट बातमी. खोक्याच्या तळाशी तू चिठ्ठी ठेवली होतीस. ती मी बुधवारी वाचली. तू विचारशील, चिठ्ठी आधी का वाचली नाही. दादा, माझ्या कामाचा एक नियम आहे: आधी उघडायचं, मग दुरुस्त करायचं, गिऱ्हाइकाची चिठ्ठी शेवटी वाचायची. गिऱ्हाईक लिहितं, एक वायर सुटली असावी. आत उंदराचा संसार असतो. एकदा एकाने लिहिलं होतं, थोडा आवाज कमी येतो. आत स्पीकरच नव्हता. तेव्हापासून मी नियम मोडलेला नाही, आणि त्यात माझं कधी नुकसान झालं नव्हतं. तुझ्या चिठ्ठीत होतं: “फक्त आवाज येऊ दे. बटणांना हात लावू नकोस. ती बाबांनी लावलेली आहेत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी गाडी घेऊन येतो. आईला पुढे बसवून पहिलं बटण तिच्या हाताने दाबायचं आहे.”

हात लावून झाला होता. तू इतिहासाचा मास्तर, म्हणून नीट सांगतो. त्या पाच बटणांत वीज नसते. बटण पुढे ओढलं की आतली पकड सैल होते. काटा ज्या स्टेशनवर असेल तिथे बटण पुन्हा आत दाबलं की ते ती जागा धरून ठेवतं. पुढे वीस वर्षांनी दाबलं तरी काटा तिथेच जातो. पत्र्याची आठवण आहे ती (आपल्या घरातली ही एकच, जिच्यावरून कोणाचं भांडण झालं नाही). आतलं ग्रीस दगड झालं होतं. मी पाचही बटणं ओढली, रॉकेलने धुतली, नवं ग्रीस लावलं आणि आत दाबली. काटा तेव्हा डाव्या टोकाला पडलेला होता. आता पाचही बटणं डाव्या टोकाला जातात. तिथे काहीच लागत नाही. बाबांनी पाच ठिकाणी ठेवलेलं बोट मी पंधरा मिनिटांत एका ठिकाणी आणून ठेवलं.

मग मी जे करता येईल ते केलं. जिथे पकड इतकी वर्षं बसली होती तिथे पत्र्यावर बारीक ओरखडा राहिला असणार, म्हणून भिंग घेऊन बघितलं. ओरखडे नव्हते. पॉलिश पेपर मारलेला होता. मीच मारला होता (मी काम नीट करतो, हा दोष माझ्यात पहिल्यापासून आहे). आठवून बघितलं. मागच्या सीटवरून बाबांची मान दिसायची आणि अंगठा दिसायचा. काट्यासमोरचे आकडे दिसायचे नाहीत. शेजारच्या दुकानात गाड्यांच्या सीटा शिवणारा आहे, त्याला विचारलं. त्याने टाके घालता घालता ऐकून घेतलं.

“कुठेही लाव,” तो म्हणाला. “बाबा काय तक्रार घेऊन येणारेत?”

मी म्हटलं, बाबा नाही, दादा येईल.

त्याने सुई थांबवली. “मग अवघड आहे,” म्हणाला, आणि पुन्हा शिवायला लागला. तो तुला एकदाच भेटला आहे.

बाबांना पोचवून तू गेलास, त्याला सहा वर्षं झाली. लोखंडी कपाट कोणाचं यावरून आपण जे बोललो ते इथे लिहीत नाही. कपाट जागेवरच आहे, त्याचं दार लागत नाही. त्यानंतरचं तुझं पहिलं अक्षर म्हणजे ही चिठ्ठी, आणि ती मी चार दिवस रॉकेलच्या डब्याखाली दाबून ठेवली होती. तू रेडिओसाठी येणार होतास. त्यातही बाबांनी लावलेल्या बटणांसाठी. ती आता नाहीत, तेव्हा तू येणार नाहीस असं मी धरून चाललो आहे. आईला ते सांगितलेलं नाही. तिने ठेवणीतली शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली आहे आणि येता-जाता ती चाचपते. रागवायचं तर मला पत्रातून रागाव, ते मी एकटा वाचीन. वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात आई जिना उतरून दुकानात आली (दोन वर्षांत ती खाली आली नव्हती). माझं ताट सलग तिसऱ्यांदा तसंच परत गेलं होतं. काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिने रेडिओवर हात फिरवून बटणं एकेक करून चाचपली.

“त्यांना बटणं लावता यायची नाहीत रे,” ती म्हणाली. “घेताना दुकानदाराने एकदा दाखवलं, ते कळलं नाही. पुन्हा विचारायची लाज वाटली.”

बाबा ऐटीत बटण दाबायचे आणि मग गोल नॉब फिरवत बसायचे, आठवतं ना? आपल्याला वाटायचं, बारीक जुळवणी चालली आहे. दादा, बटण लावलेलं असेल तर नॉबला हात लावावाच लागत नाही. मी तीस वर्षं हेच काम करतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. नॉब फिरवूनही काही लागलं नाही की ते म्हणायचे, आज हवा खराब आहे.

मग बटण दाबल्यावर काय लागायचं, मी विचारलं.

“खरखर,” आई म्हणाली. “पाचही वेगवेगळ्या.”

हे कालच कळलं असतं तर पत्र लिहिलं नसतं. पण आता एवढी पानं झाली आहेत.

ता. क. २. आज दुपारी बसून पाच बटणं पाच रिकाम्या जागी लावली. पूर्वी हे जमायला आठवडा गेला असता. आता बहुतेक स्टेशनं बंद झाली आहेत, त्या पट्टीवर जागाच जागा आहे. दुसऱ्या बटणाची खरखर जराशी जाड आहे, चौथ्याच्या मागे शिट्टी आहे. रेडिओ बाबांनी ठेवला होता तसा आहे. तुझी चिठ्ठी मी पाळली, उशिरा एवढंच.

ता. क. ३. खरं काम हे. बाबांना येत नव्हतं हे तुला कळू द्यायचं नाही, असं आईने माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे. तू वर्गात मुलांना बाबांचं उदाहरण देतोस, हे तिला कोणीतरी सांगितलं आहे. मी शब्द मोडला हे तिला कळू नये, म्हणून हे पत्र फाड आणि रविवारी ये. तिला पुढे बसव. ती पहिलं बटण दाबेल, खरखर येईल, आणि तू काय करतोस याची ती वाट बघत राहील. तू नॉब हळूहळू फिरव, काही लागणार नाही. मग सांग, आज हवा खराब आहे. त्या वेळी आरशातून माझ्याकडे बघू नकोस. मी मागे बसलेला असेन.