दादा काय म्हणेल

सोमवार, १० मार्च

चि. बारकीस,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तू सांगितलेल्या व्यायामाने काकूचा गुडघा वळायला लागलाय. ती तो टीव्हीसमोर करते आणि आकडे मोठ्याने मोजते, त्यामुळे बातम्या मला ऐकू येत नाहीत. तुझी आई नीट जेवते ना? मी विचारलं म्हणून सांग.

तू फोन केलास तेव्हा मी "बघतो" म्हणून ठेवून दिला, त्याचा राग मानू नकोस. फोनवर मला सुचत नाही. कागद समोर असला की बरं पडतं. बावीस वर्षं कंपनीच्या वॉरंटी खात्यात कागदच भरतोय.

तुझा प्रश्न होता: तुझ्या बाबांनी शेवटची म्हणून बनवलेली ट्यून, इंजिनच्या कॉम्प्युटरची ती फाइल, तुझ्या गाडीत घालावी का? गाडीची ताकद वाढेल, रोजचा घाट सोपा होईल, आणि बाबांचं काहीतरी रोज हाताखाली राहील. पण वॉरंटीची तीन वर्षं बाकी आहेत. उद्या इंजिन बसलं तर कंपनी ट्यूनकडे बोट दाखवून हात झटकेल, आणि नवं इंजिन घेणं तुला झेपणारं नाही. ती घालायला बाबांचा भागीदार तेरा नंबर रविवारी तुझ्याकडे येतोय, तोवर उत्तर हवं.

उत्तर "होय" आहे. घाल.

हे मी लिहितोय यावर तुझा विश्वास बसणार नाही. माझाही अजून नीट बसलेला नाही. तीन दिवस मी एका जागी बसू शकत नाहीये. काकू म्हणते, "लग्न ठरलं तेव्हासुद्धा तुम्ही एवढ्या येरझाऱ्या घातल्या नव्हत्या."

क्रमाने सांगतो. तू पाठवलेली बाबांची वही आणि पेनड्राइव्ह पंधरा दिवस कपाटात होता. हात लावायचं धाडस होत नव्हतं. बाबांना जाऊन चार महिने झाले, पण अक्षर समोर आलं की माणूस समोर येतो. शेवटी शुक्रवारी ऑफिसमधून आल्यावर चहा न घेता वही उघडली. हातात लाल पेन. सवय. चूक सापडली की खूण करायची.

पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात मथळा होता: "दादा काय म्हणेल".

बारकी, माझ्या या धाकट्या भावाने ही ट्यून मनात मला समोर बसवून बनवली आहे. दोन-अडीच वर्षं आम्ही कामाबद्दल एक शब्द बोललो नव्हतो, आणि हा गृहस्थ रोज रात्री वहीत माझ्याशी वाद घालत होता! डाव्या बाजूला माझे आक्षेप, उजव्या बाजूला त्याची उत्तरं. आक्षेप वाचताना मला माझाच आवाज ऐकू येत होता. "दादा म्हणेल, टर्बोचा दाब वाढवलास, पिस्टन किती दिवस टिकतील?" उत्तर: दाब किती वाढवला, कुठे थांबवला, त्याचे आकडे. खाली लिहिलंय, "अजून निघेल. पण काढायचं नाही. गाडी घरच्या माणसाची आहे."

"दादा म्हणेल, क्लच घसरेल." त्याने खालच्या गिअरमधली ओढ हळूहळू चढवली आहे, एकदम धक्का बसूच नये अशी. "दादा म्हणेल, रस्त्यावरच्या कुठल्याही पंपावर भेसळीचं पेट्रोल मिळालं तर?" या पठ्ठ्याने मुद्दाम भेसळीचं पेट्रोल शोधून आणून घातलं. इंजिन ठोकायला लागलं की ट्यून आपोआप माघार घेते. त्याच्या बारा नोंदी काढून ठेवल्यात. भर उन्हात घाट चढताना तापमान किती जातं, तेही तीन दिवस तीन वेळा मोजलंय.

मी दोन तास लाल पेन उघडं धरून बसलो होतो. एकही खूण करता आली नाही. शाई मात्र शर्टाच्या खिशाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन थेट वर्कशॉपमध्ये गेलो. माझी आणि तुझी गाडी एकाच इंजिनची, म्हणजे तुझ्याआधी माझ्यावर प्रयोग. बाबांचा भागीदार तिथे एकटाच होता. दिवसातून शंभर वेळा तेरा नंबरचा पाना मागतो म्हणून तुम्ही त्याला तेरा नंबर म्हणता, पण त्या दिवशी पाना त्याच्याच हातात होता. मला बघून तो ओरडला, "इन्स्पेक्टरसाहेब! धाड आहे का? सांगा तसं, मी मागच्या दाराने पळतो."

मी म्हटलं, "गाडी रोलरवर घ्या. ट्यून घालायचीय."

"कुणाच्या गाडीत?"

"माझ्या."

त्याने पाना खाली ठेवला, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "ताप नाही. वॉरंटी किती राहिलीय?"

"एक वर्ष दहा महिने."

"म्हणजे सोमवारी तुम्हीच तुमच्या गाडीचा क्लेम नाकारणार. बसा, चहा सांगतो. घरातलं भांडण बघायला मजा येते."

आधी कंपनीने दिलेली मूळ ताकद मोजली. रोलरवर चाकं फिरली, पट्टे ताणले गेले, पडद्यावर रेघ चढत गेली. एकशे अठरा घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर. मग त्याने पेनड्राइव्ह लावला. इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये नवीन फाइल जायला नऊ मिनिटं लागली. ती नऊ मिनिटं मी परीक्षेच्या निकालासारखी उभ्याने काढली. पुन्हा मोजली. एकशे सेहेचाळीस!

अठ्ठावीस घोडे, बारकी, आणि तापमान जागच्या जागी. रेघेत कुठे खड्डा नाही, टेकाड नाही. तेरा नंबर रेघेकडे बघत म्हणाला, "असलं गुळगुळीत काम फक्त त्याचंच." मग नाक शिंकरून आला.

मग काकूला घेऊन घाटात गेलो. तिला काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वळणानंतर चढावर पाय थोडा दाबला, आणि गाडीने कुरकुर न करता, गिअर न मागता अशी ओढ घेतली की काकूची पर्स मागच्या सीटवर गेली. ती म्हणाली, "हे काय केलंत?" मी म्हटलं, "भावजींचं काम आहे." तिने हात लांबवून पर्स पुढे ओढून घेतली. मग म्हणाली, "पुढचा ट्रक मघापासून धूर सोडतोय. घ्या ना पुढे."

घेतला. वर जाऊन दोघांनी भजी-बिजी काही न खाता नुसती पुन्हा खाली आणि पुन्हा वर अशी फेरी मारली. या वयात!

आक्षेपांच्या यादीची झेरॉक्स सोबत पाठवतोय. दहाच्या दहा आक्षेपांना उत्तर आहे. वही माझ्याकडे थोडे दिवस राहू दे.

रविवारी निर्धास्तपणे घालून घे.

तुझा काका


गुरुवार, १३ मार्च

चि. बारकीस,

आशीर्वाद. पाकीट मिळाल्याचा तुझा फोन मंगळवारी रात्री काकूने घेतला. तू म्हणालीस, "काकाच हो म्हणाले, आता कसली काळजी." ती हे मला सांगून स्वयंपाकघरात गेली. मी ताटावरून उठलो.

आक्षेप दहा नाहीत. अकरा आहेत. झेरॉक्स काढताना शेवटच्या ओळीवर मी पट्टी ठेवली होती. वही सोबत पाठवतोय, चौथं पान बघ. अकरावी ओळ अशी आहे: "दादा इंजिन उघडायच्या आधीच कारण लिहील." समोरची उत्तराची जागा कोरी आहे.

काकूला हे काल सांगितलं. ती म्हणाली, "पट्टी ठेवून झेरॉक्स काढणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. चोरीसुद्धा किती नीटनेटकी!" हसली नाही मात्र.

तुला पोहायला शिकवणाऱ्या बाई आठवत असतील. त्यांच्या गाडीत बाबांनी ट्यून घातली होती आणि पाच महिन्यांनी इंजिन बसलं. गाडी क्लेमसाठी माझ्या टेबलावर आली. त्यांनी आणण्याआधी कंपनीची जुनी फाइल परत घालून घेतली होती, सगळे घालतात. पण कॉम्प्युटर किती वेळा लिहिला गेला त्याचा आकडा आत राहतो. तो आकडा बघितला आणि मी कारणाच्या रकान्यात "अनधिकृत ट्यून" लिहिलं. गाडीचं बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं.

त्याच दुपारी बाबांचा फोन आला. "दादा, इंजेक्टर तपासलास का?"

मी म्हणालो, "तपासला."

तपासला नव्हता. फोन ठेवल्यावर तपासला. चारपैकी तिसरा इंजेक्टर पेट्रोल कमी सोडत होता, आणि जळलेला पिस्टनही फक्त तिसराच. ट्यून वाईट असती तर चारही पिस्टनवर खुणा दिसल्या असत्या. अकरा दिवसांनी कंपनीचं परिपत्रक आलं, की त्या महिन्यात बनलेले इंजेक्टर सदोष आहेत. एक कागद बदलायचा होता. पण आधी नाकारून मग भावाच्या गिऱ्हाइकाचा क्लेम मंजूर केला, तर लोक म्हणतील भावाला झुकतं माप दिलं. तेवढ्या भीतीपायी मी दुसऱ्या बाजूला झुकलो, आणि झुकलेलाच राहिलो.

पुढचं तुला माहीत आहे. बाबांनी ते इंजिन स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या खर्चाने पुन्हा बांधून दिलं. गावभर झालं की त्यांच्या ट्यूनने इंजिन जळतं. वर्षभर वर्कशॉपचं शटर अर्धंच वर असायचं. तू तेव्हा मला विचारलं होतंस, "काका, बाबांचं खरंच चुकलं का?" आणि मी म्हणालो होतो, "यंत्र आहे, होतं असं."

इंजिन बांधताना तो इंजेक्टर त्याच्या हातात आला असणारच. त्याला सगळं ठाऊक होतं. शेवटच्या आजारात दवाखान्यात मी रोज त्याच्या उशाशी बसायचो, संत्रं सोलून द्यायचो. तो म्हणायचा, "दादा, पांढरे दोरे काढ, कडू लागतात." एवढंच बोलणं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी मला समजावत आलोय. पण सांगायचं माझ्याकडे होतं, त्याने का विचारावं?

काल सकाळी इंजेक्टर तपासल्याचा जुना कागद घेऊन मॅनेजरकडे गेलो. वयाने तो तुझ्याएवढाच. वाचून म्हणाला, "साहेब, निवृत्तीला अडीच वर्षं राहिलीत. मेलेलं कशाला उकरता?" मग त्याने जीभ चावली. मी म्हटलं, "उकरतो. फॉर्म द्या." क्लेम पुन्हा उघडायचा अर्ज मुख्य कचेरीत गेला. कारण: इंजेक्टर. चूक कुणाची, त्या रकान्यात माझं नाव आहे. चौकशी होईपर्यंत माझी सही बंद. माझ्या गाडीत ट्यून आहे हेही मीच नोंदवलं, म्हणजे माझी वॉरंटी गेली. मॅनेजर डोक्याला हात लावून म्हणाला, "आज एकाच दिवसात किती उरकणार आहात?"

खोटं कशाला सांगू, बाहेर आलो तेव्हा जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. शनिवारी घाटात वाटलं होतं तसंच वाटत होतं.

पोहण्याच्या बाईंना फोन केला. आधी त्यांना कळेचना. मग म्हणाल्या, "अडीच वर्षांनी? अहो, मी तुमच्या भावाला चार लोकांत नाही नाही ते बोलले. ते आता कुणासमोर परत घेऊ?" त्यांना म्हटलं, वर्कशॉपमध्ये तेरा नंबर असतो. काल संध्याकाळीच त्या जाऊन आल्या. त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण आज सकाळी तेरा नंबरचा फोन आला. त्याने मला साहेब म्हटलं नाही, शिवी दिली. मग विचारलं, "रविवारी बारकीकडे जाऊ ना?"

तर तुझं उत्तर. इंजिनापुरतं माझं म्हणणं बदललेलं नाही. इतकं काळजीने केलेलं काम मी बावीस वर्षांत पाहिलं नाही. ते तुझ्या गाडीचं नुकसान करणार नाही. पण वॉरंटीपुरतं "निर्धास्तपणे" हा शब्द मी खोटा लिहिला. उद्या इंजेक्टर बिघडो नाहीतर इंजिनाचा पंप, टेबलापलीकडचा माणूस आधी तो आकडा बघेल आणि कारण लिहून मोकळा होईल. त्या खुर्चीत मी होतो. तशा खुर्च्या अजून पुष्कळ आहेत. घातलीस तर ती तीन वर्षं गेली असं समजूनच घाल. घालण्याआधी इंजेक्टर तपासून घे आणि तो कागद तुझ्याजवळ ठेव. थांबायचं असेल तर थांब. फाइल कुठे पळून जात नाही.

तेरा नंबरला मी सांगितलंय, बारकी बोलावेल तरच जा. मी सांगतो म्हणून नको.

आईला हे पत्र तू वाचून दाखवायचं की मी येऊन सांगायचं, ते कळव. मी यायला तयार आहे. दारातून परत जा म्हणालात तरी येईन.

तुझा काका,
ज्याने न बघता कारण लिहिलं आणि तुझ्या बाबांना "तपासला" म्हणून सांगितलं