तिसरी डिस्क

सोम. १४ नोव्हें. ८८
उठलो ५.२०. सोसायटीचा पाण्याचा पंप ६.२१.
मशीन (कम्प्यूटर) ६.१० ला चालू केलं. कारखान्यातल्या कार्डांचा प्रोग्राम पाच डिस्कांवर आहे. एकेक घालायची आणि मशीनच्या पोटातल्या मोठ्या डिस्कवर उतरवायची. १ उतरली. २ उतरली. ३ निम्म्यावर आली आणि अडली. लिहिता येत नाही म्हणतं. पुन्हा प्रयत्न करू का विचारतं, हो म्हटलं की पुन्हा तेच. मग दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून. सलग चौथा दिवस.
सुमन म्हणाली, "ज्याच्याकडून आणलंत त्याला विचारा की." म्हटलं, आधी मी बघतो. लेथ मला कोणी शिकवली नव्हती. मोटरचं वाइंडिंग भरायलाही नाही. हेही येईल.

मंगळ. १५
पंप ६.२०. डि. ३ वर तेच. ७.४० ला निघालो.
कारखान्यात मेहतासाहेबांनी भर शॉपमध्ये विचारलं, "परब, तुम्हारा कम्प्यूटर क्या बोलता है?" म्हटलं, चालतंय.
का म्हणालो कोण जाणे. करमरकर शेजारी उभा होता म्हणून असेल.
साहेब म्हणाले, ठीक, ५ तारखेला सोमवारी संध्याकाळी मी आणि करमरकर तुझ्या घरी येऊन बघतो. चालत असेल तर कार्डांचं काम तुझं. नाहीतर अंधेरीची एक पार्टी तयार आहे, सगळी कार्डं त्यांना देऊन टाकू.
७४० कार्डं. एकोणीस वर्षं. प्रत्येक मशीनचा प्रत्येक बिघाड, माझ्या अक्षरात. ती टेंपोत घालून अंधेरीला जाणार, आणि कोणीतरी बसून टाइप करणार, ज्याला शेपिंग मशीन आणि शिलाई मशीन यातला फरक माहीत नाही.

बुध. १६
पंप ६.२२. डि. ३.
करमरकर (डिग्रीवाला, चार महिने झाले येऊन, वागायला सभ्य आहे) कार्डं चाळत बसला होता. कॉलम सहा: तारीख, यंत्र, दोष, कारण, उपाय, हात कोणाचा. म्हणाला, "परबकाका, हा शेवटचा कॉलम काढून टाकूया? कम्प्यूटरमध्ये उगाच जागा खातो."
म्हटलं, बाकीचे पाच काढ, तो ठेव.
हसला. त्याला वाटलं गंमत करतोय. कोणी नट पिळला हे लिहिलं नाही तर नट कोणीच नीट पिळत नाही. फिटर लोक पहिली दोन वर्षं मला शिव्या घालायचे. गणू शिर्के तर म्हणाला होता, "परब, आमचं नाव लिहितोस, कधी तुझं लिहिशील?" लिहिलंय. अकरा ठिकाणी माझं नाव आहे, त्यातल्या तीन ठिकाणी दोषाखाली. कोणीही काढून बघावं.

शुक्र. १८
पंप ६.२१.
नियम ठरवले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं जसंच्या तसं: तीच वेळ, तेच टेबल, मशीन रात्रभराचं थंड. तसं केलं नाही तर कशाने फरक पडला ते कळत नाही. संध्याकाळी तसंही जमत नाही, नीताचं दहावीचं वर्ष, खोली तिची.
आज डिस्क वाचणारं डोकं स्पिरिटने पुसलं. कापूस नाही, धागे राहतात. शॅमॉइसचा, मऊ चामड्याचा तुकडा. डि. ३ वर तेच.

शनि. १९
पंप ६.२०. तेच.
हाफ डे. पाचही डिस्का पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून, लॅमिंग्टन रोडला. मशीन ज्याच्याकडून घेतलं त्या शहाने त्याच्या मशीनवर लावल्या. पाचही सरळ उतरल्या, वीस-पंचवीस मिनिटांत. त्याने चहाही पाजला.
"डिस्क एक नंबर आहेत काका. मशीन इकडे घेऊन या, मीच टाकून देतो. घरची लाइन कशी आहे तुमची?"
म्हटलं, घरची लाइन मी स्वतः ओढलीय.
"मग प्रश्नच नाही," म्हणाला. कसं म्हणाला ते नीट कळलं नाही.
मशीन त्याच्याकडे नेणार नाही. घरी बसवलं म्हणून सांगायचं आणि बसवणार शहा?

रवि. २०
पंप ६.२१. डि. ३ वर तेच. आज केबल काढून परत घट्ट बसवल्या, एवढाच बदल.
सकाळी खालच्या मजल्यावरच्या रिबेलोबाई आल्या. त्यांचा फ्रिज परत बंद. दोन वर्षांत कॉम्प्रेसर दुसऱ्यांदा गेला. मी जाऊन बघितलं. गेल्या वेळी सांगितलं तेच सांगितलं: दार सारखं उघडता, गरम पातेलं आत ठेवता.
"एकटी बाई मी, परबभाऊ. दार उघडून उघडून किती उघडणार?"
म्हटलं, मोजून बघा. बाई बिचाऱ्या खरंच मोजतील. तशाच आहेत. त्यांच्या भावाने पनवेलहून दिलेली मासळी आत होती, ती सगळी वाया गेली म्हणाल्या.

मंगळ. २२
पंप ६.२८ (पाणी उशिरा).
नवीन प्रकार. डि. ३ उतरली. पूर्ण. मी सुमनला हाक मारली. ती हातात कणीक घेऊन आली आणि तेवढ्यात डि. ४ अडली.
"हे दाखवायला बोलावलंत?"
आता डि. ३ चा दोष म्हणता येत नाही. शहा बरोबर होता. म्हणजे मोठी डिस्क. ती गेली असेल तर संपलंच.

गुरु. २४
पंप ६.२१. परत डि. ३.
पंपाच्या वेळा सेक्रेटरी महिनाअखेर मागतात, त्या काढून ठेवल्या. चार वर्षं लिहितोय. पंप मीच बसवला म्हणून हे काम माझ्याकडे. त्या वर्षीच्या सभेत शाल दिली होती सोसायटीने. सुमनने ती पेटीत ठेवलीय, डांबराच्या गोळ्या घालून.
उद्या पाणी नाही. मोठ्या पाइपचं काम आहे. बादल्या, पिंप, कुकरसुद्धा भरून ठेवलाय सुमनने.

शुक्र. २५
पाणी नाही. पंप नाही.
६.१० ला सुरू. १, २, ३, ४, ५. ६.३६ ला सगळं उतरलं. प्रोग्राम उघडला. निळा पडदा, वर नाव, खाली रिकामी कार्डं.
सुमन म्हणाली, "झालं ना? मग चेहरा असा काय?"
म्हटलं, काहीच बदललं नव्हतं. आज मी काहीच बदललं नव्हतं.
"मग देवाने केलं असेल. जा, आंघोळीला अर्धी बादलीच आहे."

शनि. २६
पंप ६.२०.
पुसलं. मोठ्या डिस्कवर उतरलेलं सगळं पुसलं आणि परत उतरवायला घेतलं. डि. ३ वर अडलं.
सुमनने चहा ठेवला आणि नीताला म्हणाली, "तुझ्या बाबांनी चाललेलं पुसलं." नीता म्हणाली, "बाबा, तुम्ही ग्रेट आहात," आणि ते कौतुक नव्हतं.
समजावलं. कारण कळलं नाही आणि मशीन सुरू झालं तर ते सुरू झालेलं नसतं, दम खात असतं. साहेब येतील त्या संध्याकाळीच बंद पडेल. सुमन: "आता गप रवा." ती रागावली की माहेरचं बोलते.
नऊ दिवस उरले.

रवि. २७
पंप ६.२१. मशीन लावलंच नाही. ही वही काढून पहिल्यापासून वाचली.
प्रत्येक पानावर सगळ्यात वर पंपाची वेळ. खाली मशीन. ६.२१ ला पंप, डि. ३. ६.२८ ला पंप, डि. ४. एका डिस्कला पाच मिनिटं धरली तर मिनिटाला मिनिट जुळतं. शुक्रवारी पंप नाही.
चौदा दिवस मी माझ्याच हाताने उत्तर वर लिहिलं आणि प्रश्न खाली.
सगळं जसंच्या तसं ठेवायचं म्हणून वेळही तीच ठेवली. एकच गोष्ट कधी बदलली नाही, ती ही.
सुमनला सांगितलं. ती खोबरं किसत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या वेळेला मी मिक्सर कधी लावत नाही. रडतो तो. चार वर्षं झाली."
"मग सांगितलं का नाहीस?"
"तुम्ही विचारलंत कधी?"

सोम. २८
मीटर घेऊन बसलो. ६.१९ पर्यंत २२८ व्होल्ट. पंप ६.२० ला लागला, काटा १७० ला पडून परत वर उडाला, आणि पुढे पंप चालू होता तोवर नाचत राहिला. ट्यूबही फडफडली. रोजच फडफडते, म्हणून दिसत नव्हती.
पंप मोठा नाही. विजेचा एवढा दाब पडायला कुठेतरी सैल जोड हवा.

बुध. ३०
पंप ६.२१.
संध्याकाळी जिन्याखालची मीटरखोली उघडली. वॉचमनला मेन स्विच पाडायला लावलं. आमच्या उभ्या लाइनवर दोन घरं, माझं आणि खाली रिबेलोबाईंचं. पंपाची परतीची तार (न्यूट्रल) वेगळी ओढायला हवी होती, ती ह्या दोन घरांच्या तारेला जोडलीय. पिळून, वर काळी टेप. क्लँप नाही. टेप काढली तर आत तांबं काळं पडलेलं, अर्धे धागे जळालेले.
टेप गुंडाळण्याची पद्धत उलटी, डावीकडून. मी तशीच गुंडाळतो. दुसरं कोणी नाही गुंडाळत.
आठवलं सगळं. रविवार होता. क्लँप संपले होते आणि दुकान बंद. सभेला पाणी वर चढलेलं दाखवायचं होतं. नंतर बघू म्हटलं.
शाल त्याच सभेत मिळाली.

शनि. ३ डिसें.
हाफ डे. मेन पाडून वीस मिनिटांत काम केलं. पंपाची तार वेगळी काढली, जुना भाग कापून टाकला, दोन्हीकडे क्लँप. जळालेला तुकडा खिशात टाकला. वॉचमनने विचारलं, "क्या हुआ था साब?" म्हटलं, सर्विसिंग.
कोणालाच कळायचं कारण नाही.

रवि. ४
पंप ६.२०. मीटर २२७, २२६, २२७. ट्यूब स्थिर.
पंप चालू असताना पाचही डिस्का उतरल्या. मग मुद्दाम पुसून परत उतरवल्या. परत पाचही. सुमन स्वयंपाकघरातून बघत होती. ६.४५ ला तिने मिक्सर लावला आणि नारळाची चटणी वाटली. एरवी संध्याकाळी वाटते.
दुपारपर्यंत वीस कार्डं भरली. बोटं अजून अडखळतात, पण कॉलम सगळे सहा. इंग्रजी अक्षरांत का होईना, 'हात कोणाचा' हाही आहे.
चार वाजता खाली रिबेलोबाईंकडे गेलो. सांगायचंच म्हणून गेलो होतो. नवा कॉम्प्रेसर बसलाय. बाईंनी फ्रिजच्या दारावर कागद चिकटवलाय, पेन्सिलने उभ्या रेघा, पाच झाल्या की आडवी. दार किती वेळा उघडलं ते. मी मोजायला सांगितलं होतं ना.
"काल अकरा वेळा. आज नऊ. बरोबर आहे ना, परबभाऊ?"
म्हटलं, लाइनचं जरा काम केलंय. आता एवढं मोजायची गरज नाही.
"तुम्ही आहात म्हणून ह्या बिल्डिंगचं चालतं हो," म्हणाल्या. घरचं पेरूचं चीज दिलं, वडीसारखं गोड, केळीच्या पानात गुंडाळून. ते हातात घेऊन वर आलो.
सुमनला जोडाचं काल रात्रीच सांगितलं होतं. तिने विचारलं, "सांगितलंत?" म्हटलं, लाइनचं काम केलं म्हणून सांगितलं.
तिने चीजचे तुकडे केले. स्वतः नाही खाल्लं.

सोम. ५
पंप ६.२१. मशीन ६.१० ला लावलं, नीट चाललं.
साहेब आणि करमरकर संध्याकाळी साडेसहाला येणार. नीताने टेबलावर नवा कपडा घातलाय. वीस कार्डं आहेत ती दाखवली की काम माझं, याबद्दल मला शंका नाही.
सकाळी एकविसावं कार्ड उघडलं. क्रम बदलून पहिलं केलं, म्हणजे मशीन लावलं की आधी तेच दिसेल.
यंत्र: पाण्याचा पंप, बी विंग. दोष: दोन घरांचा दाब पडणे, खालच्या घरातला कॉम्प्रेसर दोनदा जळाला. कारण: परतीची तार चुकीची, जोड सैल, क्लँप नाही. उपाय: तार वेगळी केली, ३-१२-८८.
शेवटचा कॉलम, हात कोणाचा, भरायचा राहिलाय. करमरकर तोच आधी बघेल.
जळालेला तुकडा खिशातून काढून टेबलावर ठेवलाय. सुमन म्हणते, पाहुण्यांसमोर कचरा कशाला. पण तिने उचलला नाही.
सकाळचे साडेसात झाले. ७.४० ला निघायचं. जाताना रिबेलोबाईंच्या दारावरून जावं लागतं, त्या सकाळी दार उघडं टाकून पायरी पुसत असतात.
जिना एकच आहे.