सेलवरचं घड्याळ

आई, मी घड्याळं जमवतो. तू असतीस तर हसली असतीस, मनगटं दोन आणि घड्याळं कपाटभर म्हणून. पण ही साधी नाहीत. माणूस चंद्रावर उतरला त्याच्या, अवकाशात गेलेल्या यानांच्या आठवणीत काढलेली, मोजकीच बनवलेली, प्रत्येकाच्या पाठीवर त्याचा नंबर कोरलेला. आपलं यान चंद्रावर उतरलं त्याचं घड्याळ मिळालं तेव्हा मी शहापूरभर मिरवलो. तानसाच्या धरणावर कामाला जाताना घालून गेलो आणि साहेबापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना उलटं करून नंबर दाखवला.

सगळी चावीची. रोज सकाळी चहाआधी एकेकाला चावी द्यायची, हा माझा नेम. सेलवरच्या घड्याळाला मी घड्याळच म्हणत नसे. कडेची चावी वालाच्या दाण्याहून लहान, ती चिमटीत धरून फिरवायची. गेल्या पावसाळ्यापासून ती सुटते. उजव्या हाताचा अंगठा आपल्या मनाने हलतो, मी काही करत नसताना. हात मांडीखाली दाबून बसलो तरी आतल्या आत हलत राहतो.

तुझा हलायचा तसाच. मुरबाडचं आपलं घर, एसटी स्टँडमागचं, दाराशी तुझं मशीन. तू ब्लाउजला हुक लावतेस आणि बायका ओट्यावर वाट बघत बसल्यात. मग एका उन्हाळ्यात तू ब्लाउज घेणं बंद केलंस आणि गोधड्या शिवायला लागलीस. विचारणाऱ्यांना सांगायचीस, ब्लाउजात आता मजा नाय राहिली. मोठी सुई, लांब टाके, त्यात काही कळून येत नसे. मला मात्र कळलं, कारण सुईत दोरा ओवायला तू मलाच हाक मारायचीस. भर मे महिन्यात तुझा हात थरथरताना बघून मी विचारलं, तर म्हणालीस, "थंडी वाजते रे. कुनाला सांगू नको." मी नाही सांगितलं. बाबांना कळलं ते पेजेची वाटी तुझ्या हातात राहिना तेव्हा, आणि कल्याणला दाखवायला नेईपर्यंत तुला धरून चालवावं लागत होतं.

गेल्या महिन्यात मी एक नवीन घड्याळ घेतलं. मंगळावर फिरणाऱ्या गाडीचं, लाल तबकडीचं. सेलवर चालतं. लेकीने खोका उघडला आणि म्हणाली, "बाबा, तुमी सेलवालं घेतलंत?" तबकडी आवडली, म्हणालो. म्हणताना तुझाच आवाज ऐकू आला मला. ही माझी गोधडी, आई. तेव्हापासून भीती पाठ सोडत नाही. सकाळी डोळे उघडले की आधी हात बघतो. बायकोसमोर कप डाव्या हाताने उचलतो. कल्याणच्या डॉक्टरांचा नंबर मोबाइलमध्ये आहे, पण लावत नाही, त्यांनी आजाराचं नाव घेतलं की तो खरा होईल म्हणून. आणि सगळ्यात जास्त भीती याची वाटते, की तुझ्याकडून माझ्याकडे आलं तसं माझ्याकडून लेकीकडे जाईल.

इथपर्यंत मी स्वतः लिहिलं. मग पान बघितलं तर खालचं अक्षर मुंगीएवढं बारीक झालेलं, मलाच वाचता येईना. लेकीला हाक मारली, म्हटलं, पुढचं तू लिही. तिने आधी वरचं सगळं डोळ्यांजवळ धरून वाचलं. उठून कपाट उघडलं आणि एकेका घड्याळाला चावी देऊ लागली. मी घड्याळांकडे बघितलंच नाही, तिची बोटं बघत बसलो. ती स्थिर आहेत, आई. आज तरी आहेत.

हे पत्र त्याच कपाटात राहील. आता ती समोर पेन घेऊन बसली आहे आणि विचारतेय, हात नक्की केव्हापासून हलतो. खरं सांगतो, थंडी वाजते हेच माझ्या ओठांवर आलं होतं.