उजेडाच्या आधीचं पाणी

अप्पा, यंदा पाणी फार खाली गेलंय. धरणात बुडालेलं आपलं जुनं गाव पुन्हा उघडं पडलंय, शाळेचं जोतं, चावडीच्या पायऱ्या आणि गावाबाहेरची आपल्या ख्रिस्ती माणसांची दफनभूमीसुद्धा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता जरा थांबावं लागतं. तरी लिहायला बसलेय. यंदाच्या ईस्टरला तिथं जे झालं ते बारामतीत कुणाला सांगावं, तर लोक माझ्याच डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू करतील.

ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी दफनभूमीत जाते, कबरी धुते, झेंडू वाहते, मेणबत्त्या लावते. आपली माणसं पाण्याखाली, म्हणून तुम्ही आम्हाला बारामतीहून जीपमध्ये कोंबून, अंथुर्ण्यावरून, थेट पाण्याच्या काठावर न्यायचात. आणि तिथं येशूच्या रिकाम्या कबरेचा अध्याय सोडून पवित्र शास्त्राचं, बायबलचं, पहिलंच पान म्हणायचात, देवानं जग केलं ते. एका वर्षी चर्चचे पाळकसाहेब सोबत आले आणि चांगलेच वैतागले. आज पुनरुत्थानाचा सण, मास्तर, आणि तुम्ही हे काय लावलंय, असं चारचौघांत विचारलं त्यांनी. तुम्ही टोपी सारखी केलीत आणि म्हणालात, "साहेब, हितं अजून पहिलाच दिवस हाय." पाळकसाहेब पुन्हा कधी आले नाहीत.

तुमची आणखी एक खोड होती. पान तोंडपाठ, पण अंधार, खोल पाणी आणि त्या पाण्यावर वावरणारा देवाचा आत्मा इथवर आलात की थांबायचात. देव म्हणाला, प्रकाश होवो, हे उजेडाचं वाक्य म्हणायचंच नाही. पूर्वेला खरोखर फटफटेपर्यंत सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. मी लहान आहे, परकराच्या ओच्यात झेंडू धरून उभी आहे, आणि त्या गप्प वेळात पाण्याच्या बाजूनं आवाज येतो. कुणीतरी श्वास आत घेतल्याचा. अगदी लहानसा, एकदाच. मी तुमच्याकडे बघतेय, तुम्ही पाण्याकडे, आणि आईनं माझं मनगट करकचून आवळलंय. त्याच पाण्याखाली माझ्या आधीची तुमची मुलगी होती, जन्मली त्याच दिवशी गेलेली, धरण भरायच्या आधी पुरलेली. परतताना मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, गाळातली हवा सुटते. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवायचात, मी लगेच पटवून घेतलं. आईनं मात्र घर येईपर्यंत माझं मनगट सोडलं नाही.

नववीत मला शिंगं फुटली. स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसून लसूण सोलत होतात आणि मी ऐटीत विचारलं, सूर्य जर चौथ्या दिवशी झाला तर पहिल्या दिवशीचा उजेड आला कुठून? वाटलं होतं आता मार बसणार. तुम्ही मान वर न करता म्हणालात, पृथ्वी किती जुनी हाय हे तुला शाळेत मीच शिकवलंय. मग पाकळी खाली ठेवलीत. "ते पान तारखा काढायला दिलेलं न्हाय पोरी. ज्याला म्होरलं काय दिसत न्हाय, त्याला धरायला दिलंय." आणि देवाची उलटतपासणी घेणाऱ्यांनी आधी हातातलं काम करावं, असं म्हणून सगळा लसूण माझ्यापुढं सरकवलात. दोन दिवस बोटांचा वास गेला नाही.

आता मी एमआयडीसीतल्या दूध डेअरीत दुधाच्या तपासणीचं काम करते आणि रविवारच्या शाळेत तेच पान शिकवते. सहा दिवसांची सहा चित्रं आहेत माझ्याकडे, मीच रंगवलेली. पोरं मोबाईलवर डायनासोर बघून येतात आणि मला कोंडीत पकडायला बघतात. मी तुमचंच उत्तर ठणकावून देते आणि खूश होते. इतकी वर्षं त्या उत्तराची मला स्वतःला कधी गरज पडली नव्हती.

मग माझ्या लेकीचं बाळ गेलं. दिवस भरत आले होते, पाळणासुद्धा बांधून झाला होता, आणि पोटातच गेलं. हल्लीचे पाळक भेटायला आले आणि देवाची इच्छा म्हणाले. तिनं उठून त्यांच्यासाठी दार उघडलं आणि ते बाहेर पडेपर्यंत तशीच उभी राहिली. त्यानंतर तिचं चर्च सुटलं, जेवण सुटलं, बोलणं सुटलं. जावई बिचारा घरात चोरासारखा वावरतोय. एका दुपारी मी भांडी घासत होते, ती मागं येऊन उभी राहिली. "आई, देवानं मातीच्या माणसाच्या नाकात फुंकर मारली म्हणून शिकवतेस ना पोरांना? मग माझ्या बाळाच्या का नाही मारली?" अप्पा, मला एवढंच कळत होतं की आता काही भलतं बोलले तर पोरगी देवापासूनही तुटणार आणि माझ्यापासूनही. मी घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

ईस्टरच्या आदल्या दिवशी ती आपणहून म्हणाली, पाण्याकडं जाऊ, तिथं माणसं नसतील. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच जावयानं गाडी बांधावर लावली आणि आम्ही दोघी बॅटरी घेऊन खाली उतरलो. भेगाळलेला गाळ, पायाखाली शिंपले कुरकुरताहेत, आणि एरवी पहाटे कलकलाट करणारं एकही पाखरू नाही. दफनभूमीतले सगळे दगड वाळल्या गाळानं माखलेले, एकाच रंगाचे. फक्त कडेला एक लहान कबर होती, तिचे दगड काळेभोर, ओले, आत्ताच कुणी धुतल्यासारखे. पाणी तिथून लांब होतं. बहिणीची जागा तुम्ही मला कधी दाखवली नव्हतीत, पण विचारायची गरजच उरली नाही.

मी बॅटरी बंद करून पान म्हणायला लागले आणि तुम्ही थांबायचात तिथंच थांबले. मग तो श्वास ऐकू आला, आणि या वेळी पाण्यातून नाही, आमच्या पायांजवळून. लेकीनं कोण म्हणून विचारलं नाही. "उजेड करायच्या आधी तो इथं होता?" एवढंच म्हणाली. मी म्हणाले, "फुंकर का नाही मारली ते मला माहीत नाही गं. पण अंधार होता तेव्हा तो इथंच होता. त्या पानात एवढं आहे." ती गुडघ्यांवर बसली, त्या ओल्या दगडावर तळवा ठेवला आणि बाळाचं नाव घेतलं. ते तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नव्हतं. आणि मग उजेडाचं वाक्य म्हणाली. सगळीकडे मिट्ट काळोख होता, अप्पा. तुम्ही पूर्वेकडे बघत थांबायचात, ती थांबली नाही. त्या दगडांपाशी कुणीतरी हळूच श्वास सोडला, आणि मी पदर सावरत बांधापर्यंत धावत सुटले. ती मात्र उजाडेपर्यंत तिथंच बसून होती.

परत येताना अंथुर्ण्याला चहाला थांबलो. तिनं एक प्लेट भजी संपवली आणि माझ्यातलीही घेतली. जावई तोंड फिरवून डोळे पुसत होता. तिनं विचारलं, आई, तू पळालीस का? मी म्हणाले, गारठा होता. इंदापुरात, एप्रिलमध्ये. ती किती तरी महिन्यांनी हसली आणि म्हणाली, पुढच्या रविवारी चर्चला येते, पण पाळकांशी बोलणार नाही. मी म्हणाले, नको बोलूस.

हे पत्र त्या दगडांखाली ठेवायचं माझ्या मनात होतं. वरच्या धरणांतून पाणी सोडलंय म्हणतात, ते चढायच्या आत जायला हवं. जावई रोज विचारतो, नेऊ का, आणि मी रोज उन्हाचं कारण सांगते. रविवारच्या शाळेत मी पोरांना शिकवत आलेय की देव आपल्या जवळ असतो. इतका जवळ असेल असं मला वाटलं नव्हतं, अप्पा.