तुझ्याआधी आठ दिवस

पेण

प्रिय नितेश,

काल संध्याकाळी तुझे वडील घरी येऊन गेले. तेव्हापासून हे पत्र डोक्यात लिहिते आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू लगेच "असू द्या हो बाई" म्हणशील आणि मी सुटेन. म्हणून कागद घेतला. शिफ्ट सुटल्यावर, जेवून मग वाच.

गेल्या महिन्यात वडखळच्या नाक्यावर भेटलास. कंपनीची बस टायर बदलायला थांबली होती. अंगात निळा युनिफॉर्म, आणि भर रस्त्यात तू वाकून पाया पडलास. बरोबरच्या मुलांना म्हणालास, "ह्या आमच्या गणिताच्या बाई. माझ्या ॲडमिशनसाठी लय खपल्या." तेवढ्यात अलिबागची एसटी आली, मी घाईने चढले. मला अलिबागला जायचंच नव्हतं, नितेश. पोयनाडला उतरले आणि उलट गाडीची वाट बघत स्टँडवर तासभर बसून राहिले.

तुझं बारावीचं वर्ष आठवतं? सीईटीत तुला एकाहत्तर पर्सेंटाइल, माझ्या ऋत्विकला अडुसष्ट. दोघंही मधलीच मुलं, ना हुशार ना ढ. गणिताच्या बाईंचा मुलगा अडुसष्ट, हे स्टाफरूममध्ये सांगताना मला लाज वाटायची, तुझं सांगताना वाटायची नाही. तुझा जात पडताळणीचा दाखला वेळेत आला नाही, तू खुल्या यादीत ढकलला गेलास आणि इकडची कॉलेजं तुमच्या आवाक्याबाहेर गेली. तेव्हा मध्य प्रदेशातलं ते कॉलेज मीच शोधलं. फी निम्मी, हॉस्टेल आवारातच, बारावीच्या मार्कांवर प्रवेश. मोबाइलवर फोटो दाखवले, केवढी मोठी इमारत होती. तुझे वडील कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी अर्धी टाकून जोह्याहून आले होते, बोटांना काळा रंग तसाच. म्हणाले, "आमाला काय कलतंय बाय, तुमी सांगाल ता खरा." तुझी आई मात्र तयार नव्हती. "इकडंच आयटीआयला घाला, डोल्यांसमोर ऱ्हाईल," असं ती दोनदा म्हणाली. तुझ्या आईला, अनितावहिनींना, मीच समजावलं. तासभर समजावलं. शेवटी त्या गप्प बसल्या, आणि मी त्याला होकार धरलं.

त्या कॉलेजचे तुम्हा दोघांचे फॉर्म एकाच दिवशी भरले. ऋत्विकला घेऊन मी तुझ्याआधी आठ दिवस निघाले, हॉस्टेल नीट बघून घेऊ म्हणून. हे तुला माहीत आहे. तिथे काय पाहिलं ते तुला माहीत नाही.

वर्कशॉपला कुलूप होतं. शिपायाने किल्ली आणायला पाऊण तास लावला. आत चार मशीनं, दोन अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, उरलेल्या दोहोंवर गंज. भिंतीवर पाली. प्राचार्य बाहेरगावी गेलेले, आणि मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल तिन्ही वर्गांना मिळून एकच तरुण मास्तर. तिसऱ्या वर्षाला असलेला बिहारचा एक मुलगा मागोमाग गेटपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "आंटी, बेटे को वापस ले जाइए. हम तो फँस गए."

मी ऋत्विकची कागदपत्रं परत घेतली. गाडीत त्याने विचारलं, "आणि नितेशला कधी सांगायचं?" मी कागद पुन्हा मोजून पिशवीत ठेवले. त्याने पुन्हा विचारलं नाही. पण तेव्हापासून तो माझ्याशी तुझा विषय काढत नाही.

गावात मी सांगितलं, ऋत्विकला तिकडचं पाणी मानवलं नाही. रोह्याकडची माझ्या वाटणीची जमीन विकून त्याला इकडे मॅनेजमेंटची सीट घेतली. तू निघायच्या दोन दिवस आधी तुझे वडील मला पेणच्या स्टँडवर भेटले. त्यांनी सरळ विचारलं, "बाय, तुमचा पोरगा परत आला. आमच्या पोराला धाडू ना?" मी म्हणाले, "धाडा. कॉलेज चांगलं आहे."

हे मी का म्हणाले, याचं उत्तर चार वर्षं स्वतःला वेगवेगळं देत आले. तुझ्यापुढे दुसरा रस्ता नव्हता, वर्ष फुकट गेलं असतं, इतक्या ठिकाणी मी त्या कॉलेजचं नाव सांगितलं होतं, आता कोणत्या तोंडाने नको म्हणू. सगळं खरं आहे. पण त्याच्याखाली आणखी एक गोष्ट आहे. मला वाटलं होतं, माझ्या मुलाला हे चालणार नाही, पण मूर्तीच्या कारखान्यातल्या माणसाच्या मुलाला एवढं पुरे आहे.

तुझा पहिल्या महिन्यात फोन आला होता, "बाई, लॅब बंद हाय, उघडतील म्हणतात." मी म्हणाले, धीर धर. तू धरलास. दुसऱ्या वर्षी दिवाळीआधी तुझी आई तापाने तीन दिवसांत गेली. तुला गाडीत उभ्याने यायला दोन दिवस लागले, तोवर सगळं आटोपलं होतं. मी अंगणात बायकांमध्ये बसले होते. तू आत आलास आणि सरळ चुलीजवळ जाऊन बसलास. ज्या वर्गात कुणी शिकवत नव्हतं, त्या वर्गासाठी तू तिच्यापासून लांब होतास, हे त्या अंगणात फक्त मला ठाऊक होतं. पुढच्या उन्हाळ्यात कॉलेजची मान्यता गेली. तुझी दोन वर्षं कुठेच धरली गेली नाहीत, आणि तू रोह्याला ठेकेदाराकडे लागलास. त्यानंतरही तुझ्या वडिलांनी दर गणपतीला मूर्ती आणून दिली. मी घेत गेले.

काल ते समीक्षाचे कागद घेऊन आले. तुझ्या बहिणीला चौऱ्याहत्तर पर्सेंटाइल आहेत, दाखलाही या वेळी हातात आहे. कॉलेजांच्या पसंतीचा फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचा आहे. म्हणाले, "नितेशचा नशीब नव्हता, त्यात तुमचा काय दोष? हिचा पण तुमीच बघा." मी कागद ठेवून घेतले, पण एकही नाव लिहिलेलं नाही. गुरुवारी ते परत द्यायला मी जोह्याला जाणार आहे. कारखान्यात सगळ्यांसमोर नाही, घरी बसून, पण जे वर लिहिलंय ते सगळं तुझ्या वडिलांना सांगणार आहे. ते तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून पडू नये, म्हणून आधी तुला लिहिलं. रजा मिळाली तर समीक्षाला घेऊन जवळची दोन-तीन कॉलेजं बघून ये. वर्कशॉप उघडायला लाव, मुलांशी बोल, आणि मग फॉर्म तूच भर. मला विचारू नकोस. तुझ्या बहिणीने माझ्या शब्दावर कुठेही जायला नको.

पत्राखाली 'तुझीच' लिहायचा रिवाज आहे. "धाडा" म्हणाले, त्या दिवशी मी तुझी नव्हते.

हेमांगी बाई