नादारीचा फॉर्म

औरंगाबाद, ता. ९ जुलै १९५१

तीर्थरूप बाबांस,
दमयंतीचा साष्टांग नमस्कार. मामीकडं मी खुशाल आहे. आईला सांगा, मेतकूट मुंग्यांच्या आधी मीच फस्त केलं.

कॉलेजच्या नादारीचा, म्हणजे फीमाफीचा, फॉर्म सोबत धाडते. इंग्रजीत आहे, घाबरू नका. त्यात विचारलंय, कुटुंब ‘प्रॉस्परस’ आहे काय? म्हणजे भरभराटीचं, कशाची ददात नसलेलं. समोर ‘नो’ लिहून सही करा. पोलीस ॲक्शननंतर उर्दू दफ्तर बंद झालं नि तुमची कचेरीतली पेशकारी गेली, हे अख्ख्या पैठणला ठाऊक आहे. फी माफ झाली नाही तर मला कॉलेज सोडून यावं लागेल.

कृपादृष्टी असू द्यावी.
आपली दमू

पैठण, ता. १४ जुलै

चि. दमूस अनेक आशीर्वाद.
फॉर्म परत पाठवतोय. रागावशील. मी ‘येस’ लिहिलंय.

अगं, काय शब्द आहे हा! आम्ही खुशहाल म्हणायचो, पण याचा रुबाबच वेगळा. दोन दिवस पाटीवर गिरवला. मग ‘नो’ लिहायला लेखणी चालेना. डबा रिकामा झाला तरी तुझी आई ‘पीठ वाढलं’ म्हणते, ‘संपलं’ म्हणत नाही; लक्ष्मी ऐकते म्हणून. अन् मी शाईनं सरकारला लिहून देऊ? सात पिढ्यांत इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं, आता आहे. मी खोटं लिहिलं नाही.

तुझी आई विचारते, मग फीचं काय?

लोभ आहेच, राग गेल्यावर कळव.
वैजनाथ

औरंगाबाद, ता. २ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार. नादारी गेली. कारकून म्हणाला, असा बाप पहिल्यांदाच पाहिला. खरं सांगते, लई राग आला होता. तुमचं उत्तर खोडायला दौतही उघडली, पण तुमचं ते वळणदार अक्षर पाहून हात उचलेना.

आता शहागंजातल्या कापडवाल्या आप्पासाहेबांच्या मुलींना दुपारी इंग्रजी शिकवते. फीचा पहिला हप्ता भरला. मी परत येत नाही.

काल धाकटी शैला नेमकी त्याच शब्दावर अडली. अर्थ सांगा, वाक्य करून द्या म्हणाली. बाबा, त्या दिवाणखान्यात झुंबर, गालिचा, चांदीचं तबक! नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढं तुमची कोपरावर ठिगळ लावलेली शेरवानी आली. मी पाटीवर लिहिलं, ‘माय फादर इज प्रॉस्परस.’ शैलानं ते पाचदा गिरवलं.

आईला सांगा, पीठ वाढलं की कळवावं. आता मी आहे.

आपली दमू