फटीतलं तेल

१२ जून, गुरुवार

पोस्टमन भिजत आला. रजिस्टर पत्र, माझ्या नावाचं. गाडी माझ्या नावावर आहे हे अशाच वेळी आठवतं, एरवी ती ह्यांची. सही केली. पत्र पिकअपच्या कंपनीचं. एक पान इंग्रजी, एक हिंदी. मराठीला कागद पुरला नसावा.

मजकूर असा, की ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, आतून गंज धरू शकतो. खाऱ्या हवेत जास्त. केबिनच्या मागे तडा जाऊ शकतो. तरी गाडी लवकरात लवकर सर्व्हिस सेंटरला आणावी, चासी मोफत बदलून मिळेल. तोवर जड माल भरू नये.

गाडी मागीलदारी फणसाखाली आहे, ताडपत्री घालून. केबिनच्या मागेच मोडलेली. आठ महिने तिच्यात काही भरलेलं नाही. कं.ची सूचना आम्ही आधीपासूनच पाळतोय.

पत्र तांदळाच्या डब्याखाली ठेवलं. सुक्या बांगड्याचं तिखलं केलं. मीठ जास्त पडलं, हे काही बोलले नाहीत.

१३ जून

ह्यांना पत्र वाचून दाखवलं. पडवीत खुर्चीवर होते, पाय स्टुलावर. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझो डोळोच लागलो असतलो गो."

ऑक्टोबरपासून हेच. हॉस्पिटलात पहिल्या दिवशी वेगळं बोलले होते. आंबोलीच्या घाटात गाडी मागून एकदम बसली, मग स्टिअरिंग हातातच फिरत राहिलं, असं. मी ऐकलंय. पुढे पोलीस म्हणाले झोप लागली असेल. मग गाव म्हणालं. आता हेही तेच म्हणतात.

शेजारच्या सीटवर शालूवहिनी होत्या. सुकी मासळी घेऊन आंबोलीला विकायला निघालेल्या, दर आठवड्यासारख्या. जागीच गेल्या. त्यांचं घर आमच्यापासून दोन घरं सोडून. त्यांचा महेश आमच्या दारावरून जाताना मान पलीकडे करतो. ह्यांच्यावर हयगयीने गाडी चालवल्याची केस आहे, तारीख पडते नि पुढे जाते.

पत्रातलं खरं असेल तर हे झोपले नव्हते. एवढं एक वाक्य लिहायला आज वही काढली.

१६ जून

पत्रातल्या नंबरवर फोन. आधी बाजा, मग बाई हिंदीत सांगते की तुमची सुरक्षा आमच्यासाठी सर्वात महत्त्वाची. हे चार वेळा ऐकलं. मग एक मुलगा आला, चासी नंबर मागितला. कागदावरचा चालत नाही म्हणे, लोखंडावर कोरलेला वाचून सांगा नि फोटो पाठवा.

लोखंडावर तेलाचा जाड काळा थर. काजूच्या टरफलांचं तेल, होडीला लावतात ते. कोयतीच्या टोकाने खरवडलं. पाठीवर पाऊस, खाली चिखल. नंबर सापडला. शेवटचा आकडा तीन की आठ कळेना, दोन्ही सांगितले.

केबिनच्या मागच्या भागाकडे गेले नाही. नंबर तिथे नव्हता, मग कशाला जायचं.

१९ जून

कं.तून पुण्याची एक मुलगी बोलली. गोड आवाज. गाडी कधी आणताय, मॅडम? म्हटलं, येणार नाही, मोडलीय, अपघातात, एक बाई गेली. मग म्हणाली, मी सिनिअरशी बोलते हं. बिचारीच्या कागदावर हा प्रश्न नसणार.

२६ जून

कं.चा माणूस आला. कोल्हापूरचा वाटला बोलण्यावरून. पांढरा शर्ट. मी गोणपाट दिलं, म्हणाला राहू दे, मग गुपचूप घेतलं. मोबाईलची बॅटरी लावून खाली सरपटला. छोट्या हातोडीने ठोकत गेला. केबिनच्या मागे ठोकलं तशी आतून गंजाची पापुद्री पडली, पसाभर. त्याने पिशवीत भरली. मोडलेल्या कडेचे तुकडे घेतले, फोटो खूप काढले.

बाहेर येऊन विचारलं, हे काळं काय लावलंय? सांगितलं. होडीला लावतो तेच, दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी. त्याने लिहून घेतलं. मी विचारलं, म्हणजे आमच्यामुळे? तो म्हणाला, "मी असं म्हटलेलं नाही, मॅडम." शर्टाच्या पाठीवर तेल लागलं होतं. ते निघत नाही हे सांगायचं राहिलं.

एक फॉर्म ठेवून गेला. तो भरून दिला, मोडकी चासी त्यांना नेऊ दिली की नवी गाडी द्यायचा विचार होईल म्हणे. रकाना सात: दोष प्रथम केव्हा लक्षात आला?

हे मागच्या पडवीतून सगळं बघत होते. त्याला चहा दे एवढंच म्हणाले.

२८ जून

सावंतवाडीला वकिलांकडे. दोन एस.टी. बदलून. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं. म्हणाले, चासी कुणालाही द्यायची नाही, नवी गाडी देवो नाहीतर विमान. ह्यांच्या केसमध्ये तीच आपली साक्षीदार. फॉर्म मात्र भरा. सातव्या रकान्यात लिहा, अपघातानंतर. आधी काही दिसलं असं चुकून लिहिलंत तर कं. सुटली नि तुम्ही अडकलात.

मी मान हलवली. येताना कसालला गाडी बदलताना छत्री विसरले.

३० जून

लिहून टाकते. दुसरं कुणी वाचत नाही ही वही.

मी होडीवाल्याची मुलगी. बाबांच्या होडीला दर वर्षी तेल लावायचं काम आम्हा पोरींचं. हातांची सालटं निघायची, आठ दिवस बोटं काळी. लाकडात रेघ दिसली की तेल दाबून भरायचं, बोटाने, पोटात जाईपर्यंत. भरलं की झालं. त्याचं कुणाला सांगायचं नसतं, प्रत्येक होडीला रेघा असतातच. गाडी आली तेव्हा हेच म्हणाले, मासळीचं पाणी गळतं, चासी खाऊन टाकील, होडीसारखं तेल लाव. चाकं चिऱ्यांवर चढवून दिली. मी लावलं. दर वर्षी लावत आले.

गेल्या वर्षी केबिनच्या मागे, उजव्या अंगाला, रेघ होती. बोटभर. मी बघितली. तेल दाबून भरलं. वरून आणखी एक हात फिरवला.

त्यानंतर दोन महिने गाडी चालली. शालूवहिनी किती वेळा बसल्या असतील त्यात.

रडू येईल असं वाटत होतं हे लिहिताना. नाही आलं. कुकर लावला.

५ जुलै

महेश आला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. अंगणातच उभा, चपला न काढता. पोस्टमनकडून कळलं असणार, त्याच्या पोटात पत्र राहतं पण बातमी राहत नाही.

म्हणाला, "काकी, गाडयेतच खोट होती, खरां काय तां?"

कं.चं पत्र आणून दिलं. हिंदी पान वाचलं त्याने, ओठ हलवत. "म्हणजे काका झोपूक नाय."

मी म्हटलं, पत्र तरी तसंच सांगतं. त्याने पत्र घडी करून दिलं. "तुमका आदी काय कळला नाय?"

"नाय," मी म्हटलं.

मग त्याने चपला काढल्या. पडवीत जाऊन ह्यांच्या शेजारी जमिनीवर बसला. मी चहा नेला, दोघांनी घेतला. जाताना त्याने ह्यांच्या पायाची उशी सरळ केली.

११ जुलै

हे आज आपणहून दाढीला बसले. आरसा मागितला. काठी घेऊन बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत, गेले नि आले. महेश रोज येतो, समुद्राची हालहवाल सांगतो. हे त्याला जाळ्याच्या गाठीवरून टोमणे मारायला लागलेत. आज मला म्हणाले, तिखलं गेल्या महिन्यात खारट झालेलं. महिनाभर पोटात ठेवलं होतं.

मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. महेश दिसला की हात धुवायला आत जाते.

डोळा लागल्याचं वाक्य सहा दिवस ऐकलं नाही.

१५ जुलै

पुण्याच्या मुलीचा फोन, फॉर्म मिळाला नाही. म्हटलं पाऊस आहे. ती म्हणाली ऑनलाईनही भरता येतो, मॅडम. म्हटलं इकडे लाईट नाही. होती.

२४ जुलै

कं.चा अहवाल. वकिलांनी फोनवर मराठीत सांगितला. मी स्पीकरवर लावलेला, ह्यांनाही ऐकू जावा म्हणून. तेवढं सुचलं नाही की आधी एकटीने ऐकावा.

चासी आतून गंजलेली, हे कं. मान्य करते. परंतु तड्याच्या आत खोलवर काळा लेप आढळला. म्हणजे तडा लेपाच्या आधीचा. दिसत असलेला दोष मालकाने झाकला, सबब अपघाताची जबाबदारी कं.ची नाही.

वकील खुशीत. तडा अपघाताच्या आधीचा, हे त्यांनीच लिहून दिलं, झोपेची गोष्ट संपली म्हणाले. सातव्या रकान्यात तेवढं लिहा, गाडीखाली अंधारात तेल लावलं, काही दिसलं नाही. फॉर्म आता लगेच पाठवा.

फोन ठेवला. हे समुद्राकडे तोंड करून बसले होते. ह्यांनीही जन्मभर होडीला तेल लावलंय. ते आंधळेपणाने लागत नाही, हे ह्यांना सांगावं लागत नाही. रेघेत एवढं खोल तेल आपणहून जात नाही.

जेवताना ह्यांनी भात उरवला.

२ ऑगस्ट

मासेमारी सुरू झाली. पहिल्या होड्या गेल्या. महेशने एक पापलेट आणून दिलं, काकासाठी. हे त्याच्याशी बोलतात, माझ्याशी कामापुरतं. रागावलेत असंही नाही. बघत असतात. कधी माझ्या बोटांकडे.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

नारळी भात लावला. सकाळी फॉर्म घेऊन पडवीच्या पायरीवर बसले. सगळे रकाने भरलेत, नाव, नंबर, तीन की आठ. सात कोरा.

ह्यांनी मागून विचारलं, "दिसलेली काय गो तुका?"

मी वळले नाही. "दिसलेली. मीच तेल भरलंय तिच्यात."

खाली वाडीत ढोल लागला होता. मला वाटलं हे शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, कशाला तरी धरून बसता आलं असतं. मी सगळं सांगितलं मग, गेल्या वर्षीचं, बोटभर रेघ, दोन हात तेल. महेशने विचारलं तेव्हा नाही म्हटलं, तेही.

हे म्हणाले, "कोणाक सांगा नको. माझा नाव थंय केशीत आसाच. ऱ्हवांदे."

आठ महिने जी गोष्ट ह्यांना खात होती, ती ह्यांनी परत उचलून घेतली, माझ्यासाठी, दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून. मला वाटलं मी आतून बंद झालेय. नव्हते. तोंडात पदर धरला. ह्यांनी काठी पुढे करून माझ्या पाठीला टेकवली, हात पोचत नाही म्हणून.

म्हटलं, मी विचार करते. ते म्हणाले, विचार नको करू, भात लावलास तो बघ.

आता महेश आलाय. नारळ घेऊन, सोनेरी कागद लावून. काकांना खांद्याचा आधार देऊन किनाऱ्यावर नेतो म्हणतो, ह्या वर्षी ह्यांच्या हातून नारळ सोडायचा, आईची तशी इच्छा असती म्हणतो. बाहेर ह्यांची चप्पल शोधतोय. मला हाक मारतोय, काकी, येतंस मा?

भाताखालचा गॅस बंद केला. पेन बरोबर घेतलंय. फॉर्म हातात आहे, रकाना कोराच. बाहेर जाते.